बापाचा खेळ आणि लेकाचे कॉलेज

१९४१ सालची गोष्ट. अमेरिकेतील येल आणि कोलगेट या दोन विद्यापीठांचा बेसबॉलचा सामना होता. येलच्या बाजूने चेंडू टाकायला जो वूड नावाचा विद्यार्थी उभा राहिला. कोलगेटच्या बाजूने चेंडू टाकणारा स्टीव्ह वूड हा त्याचा सख्खा भाऊ. कोलगेटचाच बॉब वूड पहिल्या बेसवर उभा होता. तो तिसरा भाऊ. आणि येलच्या मुलांना शिकवून तयार करणारा, पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ म्हणजे या तिघांचा बाप, थोरला जो वूड. त्या दिवशी कोणीही जिंकले असते तरी एकाच घरात पेढेही वाटायचे आणि तोंड पाडूनही बसायचे, असा तो प्रसंग होता.

वाचकांपैकी बहुतेकांना बेसबॉल म्हणजे क्रिकेटचा कोणी दूरचा चुलतभाऊ एवढेच ठाऊक असेल. तेवढे पुरे आहे. चेंडू टप्पा न पाडता फेकायचा, तो फेकणाऱ्याला पिचर म्हणायचे. गोल दांड्याने तो टोलवायचा आणि चार कोपऱ्यांना पाय लावून परत यायचे, की एक धाव. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या खेळात दहा वेळा उभे राहून तीन वेळा चांगला टोला बसला, तर तो माणूस मोठा फलंदाज गणला जातो. दहांतून सात वेळा मान खाली घालून परत यायचे, हा ज्या खेळाचा नित्यनेम, तो पोटासाठी खेळणाऱ्या माणसाने आपल्या मुलाच्या हाती द्यावा की नाही, हा प्रश्न अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या घरोघर पडत आला आहे. आणि तो देताना मध्ये कॉलेज घालावे काय, हा दुसरा प्रश्न.

थोरल्या वूडने कॉलेजचे तोंड पाहिले नव्हते. त्याचा बाप वकील, पण पाय घरात न ठरणारा. सोन्याच्या मागे उत्तरेकडे क्लोंडाइकपर्यंत जाऊन आलेला. पोरगा कॅन्ससमधल्या एका लहानशा गावात चेंडू फेकू लागला. १९०६ साली, सोळाव्या वर्षी, त्याने पहिल्यांदा खेळाचे पैसे घेतले ते एका फिरत्या संघाकडून. तो संघ मुलींचा म्हणून गावोगाव जाहिरात होई, आणि त्यात चारदोन मुलगे मुलींच्या वेषात खेळत. आपल्याकडे रंगभूमीवर स्त्रीपार्टाचा तो ऐन बहराचा काळ. तेव्हा आपण हसण्याचे कारण नाही. दोन वर्षांनी, १९०८ मध्ये, हा मुलगा बॉस्टनच्या मोठ्या संघात दाखल झाला. चेंडू इतका वेगाने सुटे की लोक त्याला ‘स्मोकी जो’ म्हणू लागले, म्हणजे धुराचा लोट सोडणारा.

१९१२ हे त्याचे वर्ष. वय बावीस. चौतीस सामने जिंकले, पाच हरले. त्यांतल्या दहा सामन्यांत प्रतिपक्षाला एकही धाव मिळाली नाही. त्याच वर्षीच्या जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेत न्यूयॉर्कविरुद्धचे तीन विजय त्याच्या नावावर लागले. आणि पुढच्याच वसंतात ओल्या गवतावर पाय घसरून अंगठा मोडला. अंगठा सांधला, पण खांदा दुखू लागला तो दुखतच राहिला. पंचविशी उलटते न उलटते तोच ज्या हाताने नाव काढले त्या हाताने घात केला. दुसरा असता तर गावी जाऊन दुकान टाकून बसला असता. याने क्लीव्हलंडच्या संघात जाऊन फळी हातात घेतली, क्षेत्ररक्षक झाला, १९२० साली तिथेही अजिंक्यपद पाहिले, आणि १९२२ चा हंगाम चांगला गाजवून आपण होऊन खेळ सोडला.

का सोडला? येल विद्यापीठाने शिकवण्याची जागा देऊ केली होती, आणि घरच्यांजवळ राहता येणार होते. धंदेवाईक खेळाडूचा निम्मा जन्म आगगाडीत आणि हॉटेलात जातो. घरात लहान मुले होती. १९२३ पासून १९४२ पर्यंत, वीस हंगाम, हा न शिकलेला माणूस अमेरिकेतल्या अत्यंत प्रतिष्ठित विद्यापीठांपैकी एकाच्या आवारात श्रीमंतांच्या मुलांना चेंडू कसा धरावा हे सांगत राहिला. त्या काळी पैसे घेऊन खेळणारा आणि हौसेने खेळणारा यांच्यात केवढी भिंत होती, याची कल्पना आज येणे कठीण. इंग्लंडात तर क्रिकेटमध्ये ‘जंटलमन’ आणि ‘प्लेअर’ हा भेद थेट १९६२ पर्यंत टिकून होता. मैदानात उतरायची दारेदेखील वेगळी असत. अमेरिकेत दारे वेगळी नव्हती, नजरा वेगळ्या होत्या. कुलीन घराण्यांत धंदेवाईक खेळाडू म्हणजे तंबाखू चघळणारा, दारू पिणारा, पैजा लावणारा इसम अशी समजूत होती.

आणि पैजेनेच वूडला गाठले. १९२६ च्या डिसेंबरात एका जुन्या खेळाडूने आरोप केला की १९१९ च्या एका सामन्यावर टाय कॉब, ट्रिस स्पीकर आणि वूड यांनी संगनमत करून पैसे लावले होते. कॉब आणि स्पीकर म्हणजे त्या खेळातली दैवते. पुरावा म्हणून जी दोन पत्रे पुढे आली त्यांतले एक वूडच्या हातचे होते. जानेवारी १९२७ मध्ये खेळाचे सर्वाधिकारी लँडिस यांनी कॉब व स्पीकर यांना निर्दोष ठरवले. वूड तर तेव्हा त्यांच्या हुकमतीखाली नव्हताच. त्याचा न्याय विद्यापीठाला करायचा होता. विद्यापीठाने त्याला काढले नाही. ते का, यावर तर्क चालवता येतील. मला वाटते, चार वर्षे तो माणूस त्यांच्या डोळ्यांपुढे मुलांत वावरत होता, आणि पाहिलेल्या माणसावर ऐकीव गोष्टींपेक्षा जास्त विश्वास बसतो. त्याचा थोरला मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता. वर्तमानपत्रात बापाचे नाव आले म्हणजे शाळेत काय ऐकावे लागते, हे मास्तरकी करणाऱ्यांना सांगायला नको.

हाच मुलगा पुढे येलमध्ये गेला आणि बापाच्याच हाताखाली खेळला. आमच्या शाळांतून शिक्षकाचा मुलगा बापाच्या वर्गात बसतो, तेव्हा त्याला छडी दोन जास्त मिळते आणि गुण दोन कमी. कारण बापाला जगाची भीती असते. धाकटे दोघे कोलगेटला गेले, यात काही शहाणपण असावे असा माझा आपला कयास आहे. तिघांपैकी मोठ्या संघात पोचला तो एकटा धाकटा जो. १९४४ साली, निम्मे खेळाडू महायुद्धावर गेलेले असताना, बापाच्याच बॉस्टन संघाकडून तो तीन सामन्यांत दिसला. तीनच. बापाच्या नावे तिथे शंभराहून अधिक विजय, मुलाच्या नावे तीन सामने.

पण वूडच्या हयातीची मोजदाद अजून पुरी झाली नव्हती. १९८१ च्या मे महिन्यात येलच्या मैदानावर रॉन डार्लिंग नावाच्या विद्यार्थ्याने अकरा डाव प्रतिपक्षाला एकही सुरक्षित टोला मिळू दिला नाही, आणि बाराव्यात तो सामना एका धावेने हरला. तेव्हा प्रेक्षकांत एक्याण्णव वर्षांचा वूड बसलेला होता. १९८५ च्या जानेवारीत येलने त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली. ती देणारे विद्यापीठाचे अध्यक्ष बार्ट जियामाटी पुढे बेसबॉलचे सर्वाधिकारी झाले, आणि १९८९ मध्ये याच गृहस्थांनी पैजा लावल्याबद्दल पीट रोझसारख्या महारथ्याला खेळातून कायमचे बाहेर काढले. इतिहास अशा गाठी मारतो त्या कोणा कादंबरीकाराने मारल्या तर संपादक कथानक साभार परत करील. डॉक्टरेट मिळाली त्याच वर्षी जुलैमध्ये वूड वारला.

सगळेच बाप वूडसारखे अशिक्षित नव्हते. एडी कॉलिन्स कोलंबिया विद्यापीठात शिकत होता, आणि १९०६ साली तिथे असतानाच ‘सलिव्हन’ असे खोटे नाव घेऊन फिलाडेल्फियाच्या धंदेवाईक संघातून सहा सामने खेळला. ते नाव पचले. पण उन्हाळ्याच्या सुटीत खेड्यापाड्यांच्या संघांतून पैसे घेऊन खेळल्याचे बाहेर आले, आणि शेवटच्या वर्षी विद्यापीठाच्या संघातून खेळण्याचा त्याचा हक्क गेला. गंमत पुढेच आहे. जो खेळायला अपात्र, त्यालाच विद्यापीठाने त्या संघाला शिकवायला नेमले! सोवळ्याच्या अशा तऱ्हा आपल्याकडेही काही कमी नाहीत. कॉलिन्स पुढे या खेळातल्या सर्वश्रेष्ठ खेळाडूंत गणला गेला. त्याचा मुलगा धाकटा एडी येलला गेला. तिथे शिकवणारा कोण, तर वूड, म्हणजे बापाचा जुना प्रतिस्पर्धी. पदवीनंतर हा मुलगा बापाच्याच फिलाडेल्फिया संघाकडून १९३९, १९४१ आणि १९४२ असे तीन हंगाम खेळला आणि थांबला. दुसरा मुलगा धर्मोपदेशक झाला.

जॉर्ज सिस्लरची कथा याहून वेगळी. हायस्कुलात असतानाच त्याने एका धंदेवाईक संघाच्या करारपत्रावर सही केली होती, बापाची संमती न घेता. मग विचार बदलला; पैसे घेतले नाहीत आणि मिशिगन विद्यापीठात यंत्रविद्या शिकायला गेला. करार करणारे सोडायला तयार नव्हते. पुष्कळ वादंग झाले, आणि अज्ञान मुलाची सही म्हणून तो कागद अखेर रद्द ठरला. १९१५ मध्ये पदवी घेऊनच तो मोठ्या मैदानात उतरला. १९२० साली त्याने एका हंगामात २५७ टोले मारले. तो विक्रम चौऱ्याऐंशी वर्षे टिकला आणि २००४ मध्ये इचिरो या जपानी खेळाडूने मोडला. डोळ्यांवर परिणाम करणाऱ्या आजाराने १९२३ चा सबंध हंगाम गेला नसता, तर आणखी काय घडते कोण जाणे.

या सिस्लरचे तीन मुलगे. थोरला जॉर्ज मैदानापेक्षा कचेरीत रमला आणि खेळाच्या व्यवस्थापनात मोठ्या हुद्द्यावर चढला. धाकटा डेव्ह प्रिन्स्टनला गेला, विद्यापीठाकडून चेंडू टाकला, १९५६ ते १९६२ मोठ्या संघांतून खेळला, आणि नंतर शेअर-रोख्यांच्या पेढीत खूप वर चढला. मधला डिक कॉलेजच्या वाटेला गेला नाही. म्हणून खरे तर या लेखात त्याला जागा नाही. पण १ ऑक्टोबर १९५० चा दिवस सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. हंगामाचा शेवटचा दिवस. ब्रुकलिनच्या मैदानावर डिकचा फिलाडेल्फिया संघ आणि ब्रुकलिन समोरासमोर. फिलाडेल्फियाला पस्तीस वर्षांत लीगचे अजिंक्यपद मिळालेले नव्हते. एकास एक अशी बरोबरी, दहावा डाव, दोन गडी बेसवर. आणि डिकने चेंडू कुंपणापलीकडे भिरकावला. तीन धावा, सामना संपल्यात जमा. प्रेक्षकांत त्याचा बाप बसला होता. बाप नोकरीला होता ब्रुकलिनच्या संघाकडे.

त्या क्षणी त्या म्हाताऱ्याने टाळी वाजवली असेल की हात मांडीखाली दाबून धरले असतील? पगार एका घरचा आणि रक्त दुसऱ्या घरचे! आपल्या महाभारतात अशी माणसे भीष्मद्रोणांच्या रांगेत बसतात.

या जुन्या मंडळींच्या काळी कोणता मुलगा कुठे जाईल हे घरच्या बैठकीत ठरत असे. संघाचा माणूस दारात येई, बापापुढे पैसे ठेवी, आई कॉलेजचे नाव काढी. १९६५ पासून ही रीत बदलली. त्या वर्षी मोठ्या संघांनी खेळाडूंची निवड पाळीपाळीने करायची पद्धत घातली, तिला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. एखाद्या मुलाला एका संघाने निवडले की दुसऱ्याने त्याच्या दारात जायचे नाही. मुलाला दोनच वाटा: हायस्कूल संपताच सही करावी, नाहीतर विद्यापीठात जावे. चार वर्षांच्या विद्यापीठात एकदा गेला की तीन वर्षे तरी, किंवा वयाची एकवीस वर्षे होईपर्यंत, सहसा पुन्हा निवड व्हायची नाही. म्हणजे अठराव्या वर्षी पोराने एकदा ‘नको’ म्हटले की तीन वर्षांचा जुगार. तेवढ्यात खांदा गेला, की वूडचा अंगठा आठवावा.

साध्या घरचा बाप म्हणतो, मिळते आहे ते घे. ज्याने स्वतः या धंद्यात पैसा केला तो बाप मात्र थांबू शकतो. आणखी एक बारीक गोष्ट पाहा. अव्वल दर्जाच्या विद्यापीठांनाही बेसबॉलच्या संघासाठी २०२५ पर्यंत मिळून ११.७ शिष्यवृत्त्यांचीच मर्यादा होती, बाराही नाहीत. त्यांचे तुकडे करून सत्तावीस मुलांत वाटायचे. तेव्हा जवळजवळ प्रत्येक मुलाच्या घरून काहीतरी रक्कम यावीच लागे, आणि अमेरिकेतल्या फीचे आकडे ऐकले तर आपल्याला घेरी यावी. नामांकित खेळाडूच्या मुलाला हा घोर नव्हता. बापाकडून रक्तातून काय येते ते देव जाणे. फीचे पैसे येतात हे नक्की.

अल लायटर हा पिचर १९८४ मध्ये हायस्कुलातून थेट न्यूयॉर्कच्या यांकी संघाकडे गेला आणि एकोणीस हंगाम मोठ्या मैदानावर खेळला. त्याच यांकी संघाने २०१९ साली त्याचा मुलगा जॅक याला विसाव्या फेरीत निवडले. मुलाने नकार दिला आणि व्हँडरबिल्ट विद्यापीठ धरले. बाप ज्या वयात पगार मोजत होता त्या वयात मुलगा वर्गात बसला. २०२१ च्या मार्चमध्ये त्याने साउथ कॅरोलायनाच्या संघाला एकही टोला मिळू दिला नाही, सोळा जणांना फळी फिरवत परत पाठवले, आणि त्याच उन्हाळ्यात साऱ्या देशातून दुसऱ्या क्रमांकावर त्याची निवड झाली. त्या विद्यापीठात त्याचा जोडीदार पिचर होता कुमार रॉकर. नाव वाचून वाचक थबकतील, आणि थबकणे बरोबरच आहे: कुमारच्या आईचे आईवडील भारतातून तिकडे गेलेले. बाप ट्रेसी रॉकर हा अमेरिकन फुटबॉलचा धंदेवाईक खेळाडू. या कुमारने २०१९ साली, विद्यापीठातल्या पहिल्याच वर्षी, ड्यूक विद्यापीठाच्या एकोणीस जणांना बाद करून एकही टोला दिला नव्हता. २०२४ मध्ये हे दोघेही टेक्ससच्या एकाच मोठ्या संघातून पहिल्यांदा खेळले. आणि कॉलिन्सच्या वेळचे सोवळे? २०२१ च्या जुलैपासून विद्यार्थी-खेळाडूला आपल्या नावावर उघडपणे पैसे मिळवता येतात. ‘सलिव्हन’ व्हायची गरज उरली नाही.

या सर्व घरांत मला स्वतःला सर्वांत जवळचे वाटते ते सान दिएगोच्या ग्विनचे घर. थोरला टोनी ग्विन सान दिएगो स्टेट विद्यापीठात शिकला, बास्केटबॉल आणि बेसबॉल दोन्ही खेळला, आणि वीस हंगाम एकाच गावच्या संघाकडून, पाड्रेसकडून, खेळला. दुसरीकडे जास्त पैसे मिळाले असते. हा गेला नाही. ३,१४१ टोले, शंभर संधींत चौतिसाच्या आसपास यश. २००१ मध्ये खेळ सोडला आणि आपल्या जुन्या विद्यापीठात शिकवायला गेला. २००३ च्या हंगामात तो संघाचा मुख्य शिक्षक झाला तेव्हा संघात त्याचा मुलगा धाकटा टोनी होता. मैदानाला नाव बापाचे, शिक्षक बाप, आणि फळी घेऊन उभा मुलगा. असे ओझे घेऊन ज्याला टोला मारता येतो त्याला बाहेरच्या जगाचे भय ते काय!

त्याच वर्षी मिलवॉकीच्या संघाने त्याला निवडले. १९ जुलै २००६ रोजी त्याने मोठ्या मैदानावरचा आपला पहिला टोला मारला, दोन बेसचा. बापाचा पहिला टोलाही दोन बेसचाच, आणि तारीख १९ जुलै, साल १९८२.

पण खरा प्रसंग २९ सप्टेंबर २००७ चा. पाड्रेस संघ मिलवॉकीला आला होता. हा एक सामना जिंकला की पुढच्या फेरीत प्रवेश निश्चित. नववा डाव, मिलवॉकीचे दोन गडी बाद, पाड्रेस एका धावेने पुढे. चेंडू टाकत होता ट्रेव्हर हॉफमन. बापाचा कित्येक वर्षांचा सोबती, ज्याने या मुलाला लहान असल्यापासून अंगाखांद्यावर पाहिलेले. मुलाने चेंडू उजवीकडे लांब मारला, तिसऱ्या बेसपर्यंत धावला, बरोबरीची धाव आली. पाड्रेस तो सामना हरले. दोन दिवसांनी कोलोरॅडोशी निकालाचा एक जादा सामना खेळावा लागला, तोही तेराव्या डावात आठास नऊ असा एका धावेने गेला, आणि हंगाम संपला. सिस्लरच्या घरची गोष्ट सत्तावन्न वर्षांनी ग्विनच्या घरी आली होती.

सान दिएगोने राग धरला नाही. २००९ मध्ये हाच धाकटा टोनी पाड्रेसकडे आला आणि दोन हंगाम तिथे खेळला. मैदानाबाहेर बापाचा पुतळा उभा होता. तो २००७ च्याच जुलैत बसवला होता. बापाचा १९ हा आकडा २००४ पासून त्या संघात कोणालाच मिळत नसे. मुलालाही दुसराच आकडा पाठीवर घालून मैदानात उतरावे लागले.